घरचा हात

वीरभद्रप्पा सरांच्या क्लासात मारायचं काम सर स्वतः करत नसत. त्यांनी ते मुलांनाच वाटून दिलं होतं.

शुक्रवार पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर सकाळी साडेसहा ते आठ हा मॅट्रिकच्या इंग्रजीचा क्लास चाले. सर प्रश्न विचारत. ज्याला उत्तर येई त्याने उठून ते द्यायचं आणि मग ज्यांना आलं नाही त्यांच्या ओळीतून फिरायचं. डाव्या हाताने समोरच्याचं नाक धरायचं, उजव्याने थोबाडीत द्यायची, पुढच्याकडे जायचं. मुलग्यांनी मुलग्यांना, मुलींनी मुलींना. सरांचे हात मोकळे राहत, मुलांना अभ्यासाची गोडी लागे आणि पालक खूष असत. सोलापुरातले निम्मे कारकून माझ्या माडीवरून उतरलेत, असं सर सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, या माडीवर एक चव्वेचाळीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. चन्नप्पा. एका सरकारी कचेरीत शिपाई. क्लास सुटला की तसंच कचेरीत पोचता यावं म्हणून तो खाकी कपडे अंगावर घालूनच यायचा आणि पोरांच्या शेवटच्या ओळीत गुडघे दुमडून बसायचा. मुलींच्या पहिल्या ओळीत त्याचीच थोरली मुलगी बसायची. रत्नम्मा. घरी रत्ना. तिला सोळावं लागलं होतं. बाप आणि लेक एकाच मार्चात एकाच परीक्षेला बसणार होते.

चन्नप्पाला मॅट्रिक कशाला हवं होतं? कचेरीत नियमच तसा होता. मॅट्रिक झालेल्या शिपायाला कारकून करत, पण पंचेचाळिशीच्या आत. बाकीचे विषय त्याने बाहेरून बसून एकेक करत काढले होते. इंग्रजीत मात्र एकदा अठरा पडले, एकदा बावीस. आता हाच एक मार्च हातात उरला होता.

आणि त्या मार्चवर त्याच्या खुर्चीपेक्षा मोठं काही टांगलेलं होतं. त्याच्या बायकोचा, नागम्माचा, धाकटा भाऊ बसप्पा मंद्रूपला राहायचा. रत्ना पाळण्यात असतानाच त्याने तिला मागून ठेवलं होतं. मामाला भाची देणं त्यांच्यात नवं नव्हे. पण बसप्पाची पहिली बायको दोन वर्षांत काडीमोड घेऊन गेली होती, आणि ती का गेली हे मंद्रूपच्या बाजारात शेंगा विकणाऱ्या बायकांनाही ठाऊक होतं. बसप्पाचा हात बैलावर पडे तसाच माणसावर पडे. नागम्माला ते कळत नव्हतं असं नाही. पण भाऊ तो भाऊ.

"तुमी क्लार्क झालात तर शिकवा की हिला कालेजात," ती नवऱ्याला म्हणाली होती. "म्या आडवी येनार न्हाय. पर शिपाईच ऱ्हानार असाल तर तीन पोरांत हिचं कालेज कुटलं? फुडल्या दिवाळीनंतर बसप्पाकडं द्यायची. सरळ हाय."

रत्नाला कॉलेजात जायचं होतं. इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. ते तिने एकदाच, चुलीपाशी बसून, बापाला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी चन्नप्पा माडीचा जिना चढला होता.

सरांचं एक तत्त्व होतं. प्रत्येक डोक्याला वेगळी किल्ली असते, असं ते म्हणत. कोणी कौतुकावर चालतो, कोणी भीतीवर, कोणी शेजाऱ्याच्या मत्सरावर. कुणाची किल्ली कोणती हे ते एका लाल वहीत लिहून ठेवत. तत्त्व वाईट नव्हतं. वाईट हे होतं की सगळ्या किल्ल्या सरांनीच शोधायच्या. कुलपाला कोणी काही विचारायचं नाही.

चन्नप्पाची किल्ली काही सापडेना. दहा दहा वेळा लिहून आणायला सांगितलं, त्याने वीस वेळा लिहून आणलं. अक्षर मोत्यासारखं, आणि वही मिटली की डोक्यात शून्य. पालथ्या घड्यावर पाणी. रोज पोरांच्या थोबाडीत खायचा. पोरं आधी बिचकत मारत, मग नीट मारू लागली. चन्नप्पा मान पुढे करायचा, खाल्ली की खाली बसायचा. सर बघत होते. या माणसाला काहीच कसं वाटत नाही, हे त्यांना कळत नव्हतं. अहो, वीस वर्षं शिपायाचं काम केलेला माणूस तो. त्याच्यापेक्षा निम्म्या वयाच्या साहेबांनी त्याला काय काय म्हटलं होतं. परक्याच्या अपमानाचे त्याच्या कातडीला घट्टे पडले होते.

आणि तो मठ्ठ मुळीच नव्हता. साहेबाने चार टेबलांना चार निरोप दिले तर चारही जसेच्या तसे पोचवायचा. दर सोमवारी मठातल्या भजनात पेटीमागे बसायचा, नवं पद एकदा ऐकलं की दुसऱ्या सोमवारी सगळ्या कडव्यांसकट म्हणायचा. त्याचं शिकणं कानातून होतं. क्लासात एकदा तो पुटपुटत वाचू लागला तेव्हा सर म्हणाले, "तोंड बंद. डोळे वहीत. हे मठ नव्हे."

डिसेंबरातल्या एका सकाळी सरांनी प्रश्न विचारला आणि एकट्या रत्नाला उत्तर आलं. तिने मुलींची ओळ संपवली आणि ती जागेवर बसायला वळली.

"थांब," सर म्हणाले. "एक राहिला."

रत्नाला कळलं नाही.

"मुलीने परक्या पुरुषाला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे," सर शांतपणे म्हणाले. "पण चन्नप्पा परका कुठे आहे? घरचा आहे. घरच्याला हात लावायला काय हरकत?"

रत्ना उभीच राहिली. दुकानाच्या फळ्या खाली कोणीतरी काढत होतं, तेवढाच आवाज.

"मार, रत्ना," चन्नप्पा म्हणाला. "सर सांगत्यात न्हवं."

ती आली आणि तिने त्याच्या गालाला बोटं टेकवली.

"ही विभूती लावलीस," सर म्हणाले. "मारलं नाहीस. पुन्हा."

दुसऱ्यांदाही आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला. मागची दोन पोरं हसली, मग सगळीच हसली. चन्नप्पाचं तोंड कानापर्यंत लाल झालं, आणि सरांनी लाल वही उघडून काहीतरी लिहिलं. किल्ली सापडली होती.

घरी जाताना रत्ना वीस पावलं मागून चालत होती. दाराशी आल्यावर ती वाकली आणि तिने त्याचे पाय धरले.

"ऊट," तो म्हणाला. "क्लास हाय त्यो. तितं म्या बाप न्हाय आन तू लेक न्हाय. तुज्या अव्वाला काय सांगू नगं."

"उद्यापास्नं म्या उत्तरच देत न्हाय, अप्पा."

"खुळी हाईस काय? तुजं इंग्लिश बुडंल." मग तो म्हणाला, "एक कर. पयल्याच टायमाला जोरात मारत जा. सर हळू मारलेलं मोजत न्हाईत, मग तीन तीन खावी लागत्यात."

मग ते रोजचं झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार सांगायची कुणाकडे? सरांना वाटलं औषध लागू पडतंय, कारण चन्नप्पा आता क्लासात घाबरलेला दिसायचा आणि घाबरलेला विद्यार्थी शिकतोय असा त्यांचा अनुभव होता. खरं म्हणजे चन्नप्पाला आता काहीच दिसेनासं झालं होतं. सर प्रश्न विचारत, रत्नाचा हात वर जाई, आणि त्या हाताच्या पंजावर नजर खिळली की आदल्या रात्रीचं होतं नव्हतं तेही पुसलं जाई.

संक्रांतीच्या सुमारास रत्नाला एक गोष्ट कळली. ती दिवेलागणीला आपली उत्तरं मोठ्याने घोकत बसली होती. चन्नप्पा उंबऱ्यावर भजनाची पेटी पुसत होता. पुसता पुसता तो काहीतरी गुणगुणत होता. तिने कान दिला. तिचंच उत्तर होतं, अख्खं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, मठातल्या एका पदाच्या चालीवर.

"अप्पा, तुमाला पाट हाय की ह्ये!"

"व्हय? तुजं ऐकून बसलं असंल."

सरांना दोन महिन्यांत सापडलं नाही ते सोळा वर्षांच्या पोरीला उंबऱ्यावर सापडलं. त्या दिवसापासून तिने त्याच्या हातातलं पुस्तक काढूनच घेतलं. ती बोलायची, तो चालीत बसवायचा. स्पेलिंगसुद्धा चालीत. मग ती म्हणायची, आता मनात गा आणि हाताने लिहा. पहिल्या आठवड्यात अडखळला, दुसऱ्या आठवड्यात दोन धडे लिहून काढले. तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडत होता. ती पहाटे चारला उठून तो करायची. नागम्मा म्हणायची, बापलेकीला येड लागलंय. चन्नप्पाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण पास होऊ शकतो.

पण क्लासात तेच. घरी घडाघडा, माडीवर मुका. रत्नाला हे समजेना. तिचं कॉलेज, तिचं मंद्रूप, सगळं या माणसाच्या तोंडातून निघणाऱ्या दोन ओळींवर अडकलं होतं आणि त्या ओळी त्याला येत होत्या. तरी तो बैलासारखा बघत बसायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा सरांनी खूण करायच्या आधीच ती त्याच्यापर्यंत पोचली आणि तिने मारलं. पाची बोटं उठली. नंतर ती आपल्या पंजाकडे बघत जागेवर गेली.

"घरी येतंय, तितं का येत न्हाय?" रस्त्यात ती म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, रागाचा होता.

"तुजा हात वर दिसला की जातंय सगळं," चन्नप्पा म्हणाला.

तिने मनाशी ठरवलं.

त्या संध्याकाळी तिने त्याला दीपगृहाच्या धड्यातलं मोठं उत्तर शिकवलं. म्हातारा रखवालदार वादळात दिवा सोडून का गेला नाही, याचं. बारा ओळी. तिने ते त्याच्याकडून सात वेळा म्हणून घेतलं आणि त्याच्या आवडत्या चालीत घोटून बसवलं. झोपायच्या आधी आठव्यांदा.

दुसऱ्या दिवशी सरांनी तोच प्रश्न विचारला. दीपगृह चालूच होतं, विचारणारच होते. मुलग्यांत कोणी उठलं नाही. सरांनी मुलींच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं. रत्ना वहीत डोळे घालून बसली होती. हात मांडीवर.

कुठलाच पंजा वर नव्हता. चन्नप्पाच्या डोक्यात पेटी सुरू झाली. तो उठला, हे त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. पहिली ओळ निघाली, दुसरी निघाली. थोडी चाल लागत होती, पण कोणी हसलं नाही. बाराव्या ओळीला तो थांबला तेव्हा त्याच्या खाकी सदऱ्याला पाठीवर घाम फुटला होता.

"शाब्बास," वीरभद्रप्पा सर म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षांत त्याला हा शब्द कोणी म्हटला नव्हता. गावच्या शाळेत मास्तरांनी म्हटला नाही, कचेरीत साहेबाने म्हटला नाही, बापाने तर नाहीच नाही. तो शब्द डोक्यात दारूसारखा चढला. खोटं कशाला सांगू.

"आता उठलात तर वसूल करा," सर हसून म्हणाले. "तीन महिन्यांचं थकलंय."

चन्नप्पा मुलग्यांच्या ओळीतून निघाला. पहिल्याचं नाक धरलं, दिली. दुसऱ्याला दिली. हे सगळे त्याला मारून गेले होते. दुकानदारांची पोरं, वकिलाचा पोर, ज्याच्या बापाला तो कचेरीत पाणी नेऊन देई तो पोर. प्रत्येकाने त्याच्यासमोर मान पुढे केली. हात गरम झाला, चांगला वाटू लागला. अठरा पोरं संपली.

"एक राहिली," सर म्हणाले. "बाकीच्या परक्या. ती घरची."

त्याने मधली जागा ओलांडली. रत्नाने मान वर केली होती. ती हसत होती. मार चुकावा म्हणून हसत नव्हती. बापाला उत्तर आलं म्हणून हसत होती. आईच्या तोंडावर दिसावं असं ते हसू होतं. चन्नप्पाने ते पाहिलं. चांगलं लख्ख पाहिलं. आणि त्याने तिचं नाक धरलं आणि मारली.

हळू नाही. अठरा पोरांना मिळून मारली नव्हती एवढी मारली. तिच्या कानातलं फूल निखळून लांब जमिनीवर गेलं आणि कानाच्या पाळीतून रक्ताचा एक थेंब आला. या खेपेला कोणी हसलं नाही. सरांनीही वही उघडली नाही.

जिना उतरताना, चौथ्या की पाचव्या पायरीवर, त्याला आठवलं की ते उत्तर कुणी शिकवलं होतं. आणि तिला ते येत होतं.

"सर हळू मारलेलं मोजत न्हाईत," तो रस्त्यात तिला म्हणाला. ती पुढे चालत होती. "म्हनून जरा जोरात लागली बग."

"व्हय," रत्ना म्हणाली.

त्या संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी उंबऱ्यापाशी बसली आणि तिने पुढचा धडा घेतला. परीक्षेपर्यंत एक दिवस चुकवला नाही. तिने त्याला काही ऐकवलं नाही, ती रडली नाही, नागम्माने कानाचं विचारल्यावर फूल केसांत अडकलं म्हणाली. फक्त तो चुकला तरी ती चिडेना आणि बरोबर आला तरी ती हसेना. चन्नप्पाला वाटलं, पोरगी शहाणी आहे, विसरली. माणसाला जे सोयीचं असतं ते त्याला लवकर वाटतं.

जूनमध्ये निकाल लागला. चन्नप्पाला इंग्रजीत एकेचाळीस. रत्नाला अडुसष्ट, क्लासात पहिली. सरांनी दोघांना माडीवर बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं आणि नव्या पोरांना सांगितलं की बघा, घरचा हात काय करतो.

चन्नप्पाने येता येता कॉलेजचा फॉर्म आणला. नागम्मा शब्दाला जागली, म्हणाली, घाला नाव. तो फॉर्म त्याने रत्नापुढे ठेवला. तिने तो वाचला, घडी केली आणि परत त्याच्या हातात दिला.

"मामाकडं सांगावा धाडा," ती म्हणाली.

त्याला वाटलं थट्टा करते आहे. "आगं, पास झालो न्हवं आपुन? आता कशाला मामा?"

"मला न्हाय शिकायचं, अप्पा."

"मास्तरीण हुनार हुतीस की. इंग्लिशची."

"इंग्लिशचं पुस्तक उगडलं की माजा हात गरम हुतोय," रत्ना म्हणाली. "मास्तरीण झाले तर म्याबी कुनाला तरी उटवंन. कुनाच्या तरी बापाला. आन मला त्ये बरं वाटंल. तुमाला वाटलं तसं."

चन्नप्पाने फॉर्मची घडी पुन्हा उलगडली. मग तो म्हणाला, "बसप्पाचा सोभाव ठावं हाय न्हवं तुला?"

"हाय की. मारत्यात."

"मग?"

"त्यास्नी म्या हसून बगनार न्हाय," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसरा कोणी बाप असता तर त्याने तिथेच नाही म्हटलं असतं. फॉर्म भरला असता, हाताला धरून नेलं असतं, पाया पडला असता. चन्नप्पाने यातलं काही केलं नाही. त्या पोरीच्या डोळ्याला डोळा देऊन नाही म्हणायची त्याची छाती राहिली नव्हती. नागम्मा दोन दिवस तिला समजावत होती, तिसऱ्या दिवशी भावाला निरोप गेला. पोरगीच म्हणते म्हटल्यावर कोण काय करणार, असं सगळ्यांनी म्हणून घेतलं.

दिवाळीत चन्नप्पाचा हुकूम आला. खाकी उतरली, खुर्ची मिळाली, खुर्चीपुढे टेबल. कार्तिक झाल्यावर मंद्रूपला लग्न ठरलं, त्यासाठी आठ दिवसांची रजा हवी होती. कारकुनाने रजेचा अर्ज इंग्रजीत द्यायचा असे.

त्याने तो एका बैठकीत लिहिला. मनात गात, हाताने लिहीत. कन्येच्या विवाहानिमित्त, विनंती, आपला आज्ञाधारक, सगळं जागच्या जागी. साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि सही करता करता म्हणाले, "अरे वा, चन्नप्पा. एकही चूक नाही."

चन्नप्पाला बरं वाटलं. दाराबाहेर येईपर्यंत वाटत राहिलं.